पल्ला कोणाचा, धूर कोणाचा?

बैलबाजारात जोडी घ्यायला गेलेला शेतकरी विकणाऱ्याची स्तुती शांतपणे ऐकून घेतो. पण त्या स्तुतीवर पैसे मोजत नाही. तो बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो आणि जमल्यास जोडी चार पावले चिखलातून चालवून पाहतो. शंकरपटात वाऱ्यासारखा पळणारा बैल धानाच्या बांधीत उतरल्यावर तसाच चालेल असे नाही, हे झाडीपट्टीतल्या पोरालाही सांगावे लागत नाही. दीड-दोन कोटी रुपयांची विजेवरची मोटार घेणारा सुशिक्षित मनुष्य मात्र पुष्कळदा छापील पत्रकातील आकड्यांवर विसंबतो. इकडचा आकडा मोठा की तिकडचा, एवढे पाहून त्याचा निर्णय होतो. हे आकडे कोणत्या रस्त्यावर, कोणत्या हवेत, कोणत्या मापाने मोजले, याची विचारपूस तो करीत नाही.

हा विषय शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्यापुढे कशासाठी मांडायचा, असे कोणी विचारील. आपल्यापैकी फारच थोडे जण असल्या मोटारीच्या वाटेला जातील, हे खरेच आहे. पण त्या मोटारीच्या किमतीत आपला एक अदृश्य वाटा आहे, आणि ती ज्या विजेवर धावते त्या विजेचा धूर चंद्रपूरकरांच्या छातीत जातो. शिवाय जी फसगत दोन कोटींच्या मोटारीत होते, तीच लहान प्रमाणावर लाखभराच्या विजेच्या स्कूटरमध्येही होते. म्हणून हा हिशेब सर्वांनीच एकदा नीट मांडून पाहावा.

एक माप, दोन माप

भारतात गेल्या काही वर्षांत विजेवर चालणाऱ्या उंची सेडान मोटारींची बऱ्यापैकी स्पर्धा सुरू झाली. ऑडीची ई-ट्रॉन जीटी आणि पोर्शची टायकान या वेगाच्या शौकिनांसाठी असलेल्या बसक्या गाड्या २०२१ मध्ये आल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये मर्सिडीजची ईक्यूएस ५८० आली. ती पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात जुळविली गेल्यामुळे तिची आरंभीची किंमत १.५५ कोटी रुपयांवर राहिली. जानेवारी २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूची आय-७ परदेशातून तयार स्थितीत आली. तिची किंमत १.९५ कोटी होती. त्याखालच्या पायरीवर बीएमडब्ल्यूचीच आय-४ (मे २०२२, सुमारे ७० लाख) आणि चिनी बीवायडी कंपनीची सील (मार्च २०२४, ४१ लाखांपासून पुढे) या गाड्या होत्या.

पहिल्या पंक्तीतील ईक्यूएस आणि आय-७ या दोघींचीच तुलना करू. ईक्यूएसची बॅटरी १०७.८ युनिट वीज साठविते, आय-७ ची १०१.७ युनिट. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला पहिलीला ४.३ सेकंद लागतात, दुसरीला ४.७. शीघ्र चार्जिंगच्या यंत्रावर दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी भरायला पहिलीला सुमारे ३१ मिनिटे, दुसरीला ३४. आय-७ मध्ये मागच्या आसनासमोर छतातून उतरणारा ३१ इंची चित्रपट्ट आहे. ईक्यूएसची बांधणी हवा कापण्यात इतकी निष्णात आहे की तिचा वायुरोधाचा गुणांक अवघा ०.२० भरतो. येथवर उन्नीस-बीसाचाच फरक दिसतो. पण पल्ल्याच्या ओळीवर नजर गेली की मनुष्य थबकतो. ईक्यूएसच्या पत्रकात एका चार्जिंगमध्ये ८५७ किलोमीटर असे छापलेले, तर आय-७ च्या पत्रकात ६२५ पर्यंत. तब्बल २३२ किलोमीटरचे अंतर! एवढ्या फरकानंतर बाकीच्या ओळी वाचण्याचे कारणच उरत नाही, असे कोणालाही वाटावे.

गोम येथेच आहे. ८५७ हा आकडा आपल्याकडील प्रमाणन-चाचणीतून निघालेला आहे. ६२५ हा युरोपातील डब्ल्यूएलटीपी नावाच्या चाचणीतील आहे. दोन्ही चाचण्यांतील वेग, थांबे आणि प्रवेगाचे क्रम वेगळे. म्हणजे एक कापड गजाने मोजले आणि दुसरे मीटरने, आणि मग कोणते लांब यावर वाद घातला, तसा हा प्रकार. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या दोन्ही गाड्या आपल्या एकाच, काहीशा कठोर मापाने मोजल्या आहेत. त्या मापाने ईक्यूएस ५८० चा पल्ला ३४० मैल, म्हणजे सुमारे ५४७ किलोमीटर भरला. आय-७ चा लहान चाकांसह ३१८ मैल, म्हणजे सुमारे ५१२ किलोमीटर. २३२ किलोमीटरचे अंतर एका झटक्यात ३५ वर आले! गाड्या त्याच, बॅटऱ्या त्याच. बदलले ते केवळ माप. सीलचेही तसेच आहे. भारतात तिचा ६५० किलोमीटर म्हणून सांगितला गेलेला पल्ला एनईडीसी या जुन्या चाचणीतला. त्याच जातीच्या गाडीचा युरोपीय आकडा ५७० चा आहे.

यात कोणी खोटे बोलते असे नव्हे. प्रत्येक आकडा आपापल्या चाचणीपुरता खराच असतो. पण खऱ्या आकड्यांची चुकीची जोडी लावली की तिच्यातून असत्य जन्मते. गणिताच्या शिक्षकांनी एकक न लिहिलेल्या उत्तराला गुण न देण्याचा जो शिरस्ता पाळला, तो किती शहाणपणाचा होता हे अशा वेळी पटते.

चंद्रपूरची कसोटी

आता हेच आकडे घेऊन चंद्रपूरहून मुंबईला निघू. चंद्रपूर ते नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. नागपूरपासून मुंबईजवळच्या आमण्यापर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. बेरीज साडेआठशेच्या घरात जाते. म्हणजे छापील ८५७ वर विश्वास ठेवणाऱ्याला, वाटेत कोठेही न थांबता मुंबई गाठता येईल असे वाटायला हरकत नाही. प्रत्यक्षात समृद्धीवर गाडी ताशी १२० च्या मर्यादेला टेकलेली असते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो; ताशी ८० ऐवजी १२० ने गेल्यास तो सव्वादोन पट होतो. त्यामुळे खरा पल्ला अमेरिकी आकड्याच्याही खाली येऊ शकतो. तात्पर्य, वाटेत निदान एकदा आणि बहुधा दोनदा थांबावे लागेल. तेव्हा खरेदीदाराने ‘पल्ला किती?’ एवढेच न विचारता, ‘माझ्या वाटेवर शीघ्र चार्जिंगची यंत्रे कोठे आहेत आणि ती चालू असतात का?’ असे विचारले पाहिजे.

दुसरी कसोटी उन्हाची. युरोपातील चाचणी प्रयोगशाळेत २३ अंश तापमानाला होते. आमच्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्या उन्हात गाडीला प्रवाशांना गार ठेवावे लागते आणि बॅटरीलाही गार ठेवावे लागते. दोहोंसाठी वीज त्याच बॅटरीतून जाते. तापलेली बॅटरी शीघ्र चार्जिंगचा वेग स्वतःच कमी करते, आणि वर्षानुवर्षे उष्णता सोसणाऱ्या पेशींची धारणशक्ती लवकर घटते. आय-७ च्या बॅटरीला आठ वर्षे अथवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी होती. हमीच्या काळात किती टक्के क्षमता राहिलीच पाहिजे, आणि ती कोणी, कशी मोजायची, हे लेखी घेतल्याशिवाय त्या वर्षांना अर्थ नाही.

तिसरी कसोटी रस्त्याची, आणि येथे गडचिरोली जिल्हा उत्तम परीक्षक आहे. चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करीत भामरागडला जाऊन परत येण्याचे अंतर चारशे किलोमीटरच्या आत आहे. पल्ला एवढाच निकष असता तर दोन्ही गाड्या पास झाल्या असत्या. पण त्यांची जमिनीपासूनची उंची वीतभरही नाही. वजन अडीच टनांवर. टायर पातळ कडेचे. बॅटरी सारी पोटाखाली अंथरलेली. लोहखनिजाच्या अवजड ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आल्यावर, किंवा रानातल्या एखाद्या रपट्यावर अशा गाडीचे काय होईल याची कल्पना करण्यास अभियंता असण्याची आवश्यकता नाही. जेथे एसटीचा कंडक्टर गाडी थांबवून आधी पाण्याची खोली पाहतो, तेथे चित्रपट्टाचे इंच मोजून काय उपयोग? स्टेपनी आहे की केवळ पंक्चरची नळी आहे, गाडी बंद पडली तर ओढून नेण्यास वाहन किती तासांत येईल, दुरुस्ती नागपूरला होईल की आणखी दूर, हे प्रश्न मग महत्त्वाचे ठरतात. पत्रकात त्यांना जागा नसते.

एवढ्या सगळ्याचा निष्कर्ष असा की, नागपूर-पुणे-मुंबई अशा गुळगुळीत वाटांवर ज्याचा वावर आहे, त्याने या दोहोंतून निवड करताना पल्ल्याच्या छापील फरकाला फार मान देऊ नये. किंमत, दुरुस्तीची सोय, मागच्या आसनाचे सुख आणि हमीच्या अटी यांवर निवड करावी. देशात जुळविलेली गाडी चाळीस लाखांनी स्वस्त असेल, तर तो फरक मात्र खरा आहे; तो कोणत्याही चाचणीने बदलत नाही. ज्याची कामे अहेरी-एटापल्लीच्या बाजूला आहेत, त्याने या पंक्तीलाच लांबून नमस्कार करावा.

वीज येते कोठून?

खरेदीदाराची तुलना येथे संपते. समाजाची तुलना येथून पुढे सुरू होते. विजेच्या गाडीला धुराडे नसते, हे अर्धसत्य आहे. तिला धुराडे असते. फक्त ते गाडीला जोडलेले नसते. चंद्रपूरच्या माणसाला ते शोधायला लांब जावे लागत नाही. दुर्गापूर-ऊर्जानगरची धुराडी त्याला घराच्या गच्चीवरून दिसतात. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या या औष्णिक केंद्राची क्षमता, दोन जुने संच बंद होऊन आणि दोन नवे उभे राहून, २९२० मेगावॅट झाली. भोवती कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचा निर्देशांक काढला, तेव्हा ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर आले. परीक्षेत एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाटता आले असते!

अशा गाडीची बॅटरी एकदा पूर्ण भरायला, वाटेतील गळती धरून, सुमारे ११० युनिटे लागतात. महावितरणच्या घरगुती दरपत्रकातील पहिला टप्पा शंभर युनिटांपर्यंतचा आहे. म्हणजे काटकसरी कुटुंबाची महिनाभराची वीज ही गाडी एका रात्रीत पिते. कोळशाच्या केंद्रात एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कोळसा जळतो असे धरले, तर एका भरणीमागे पाऊण क्विंटल कोळसा झाला. देशाच्या विजेचा सरसकट विचार केला, तर एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. या गाड्यांना शंभर किलोमीटरला २२ ते २४ युनिटे लागतात, त्या हिशेबाने दर किलोमीटरला सुमारे १६० ग्रॅम. तेवढीच मोठी पेट्रोलची गाडी लिटरला दहा किलोमीटर गेली तर २३० ग्रॅम सोडील. तेव्हा विजेची गाडी बरी, यात शंका नाही. बाजारपेठेतून जाताना ती लोकांच्या तोंडावर धूर सोडत नाही, हाही तिचा मोठा गुण आहे. परंतु ‘बरी’ आणि ‘निष्पाप’ यांत अंतर आहे.

त्याच रांगेत आणखी एक वाहन उभे करू या. एसटीची साधी डिझेल बस लिटरला पाचेक किलोमीटर जाते आणि दर किलोमीटरला अर्धा किलोहून थोडा अधिक कर्बवायू सोडते. पण तीत चाळीस माणसे बसलेली असली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चौदा ग्रॅम येतात. दोन कोटींच्या विजेच्या मोटारीत एकटा मालक बसला असेल, तर त्याच्या वाट्याला त्याच्या दहापटीहून अधिक. उंची मोटारींच्या तुलनेत ही लाल बस कोणी उभी करीत नाही. ती उभी केली की पर्यावरणाच्या नावाने चाललेल्या कौतुकाचा आवाज बराच खाली येतो.

सवलत कोणाच्या खिशातून?

आता त्या अदृश्य वाट्याकडे वळू. विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला गेला. हेतू स्तुत्य होता. पण सवलतीला किमतीची कमाल मर्यादा घातली गेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये करांची फेररचना झाली. मोठ्या पेट्रोल-डिझेल मोटारींवर चाळीस टक्के कर बसला आणि विजेच्या सर्वच मोटारी पाच टक्क्यांवर राहिल्या. करापूर्वी दीड कोटी किंमत असलेली गाडी घेतली, तर पाच टक्क्यांनी साडेसात लाख होतात, चाळीस टक्क्यांनी साठ लाख. फरक साडेबावन्न लाखांचा. एवढ्या रकमेत एसटीची एक नवी कोरी बस दारात उभी राहावी!

महाराष्ट्र सरकारने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के वाहनकर सुचविला होता. त्याच महिन्यात तो मागे घेत असल्याचे विधान परिषदेत जाहीर झाले. पुढे एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने जे विद्युत वाहन धोरण मंजूर केले, त्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग यांवर विजेच्या मोटारींना पथकर माफ करण्याचे ठरले. या माफीच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. नवे तंत्र आधी श्रीमंतांच्या घरी येते, त्यांच्या पैशावर ते स्वस्त होते, मग ते सामान्यांपर्यंत पोचते. दूरदर्शन संच आणि दूरध्वनी यांच्या बाबतीत असे घडलेही. पण ज्याला दोन कोटींची गाडी घ्यायची आहे, तो काही लाखांच्या करासाठी बैलगाडीकडे वळणार नाही. जो आठ-दहा लाखांची विजेची लहान गाडी घेऊ की पेट्रोलची, अशा दोलायमान अवस्थेत आहे, त्याचे मन सवलतीने वळते. लहान गाडीला शंभर किलोमीटरला पंधरा युनिटे पुरतात. सवलतीचा एक रुपया तेथे अधिक कोळसा वाचवितो.

म्हणून विजेच्या वाहनांना मिळणारी करमाफी एका किमतीपर्यंतच असावी. त्यापुढील गाडीने इतर उंची गाड्यांच्या जवळपास कर भरावा. त्यातून येणारा पैसा, निदान काही अंशी, ज्या जिल्ह्यांच्या पोटातून कोळसा आणि लोखंड निघते त्यांच्या सार्वजनिक वाहतुकीवर आणि छपरांवरील सौर संचांवर खर्च व्हावा. तीन किलोवॉटचा असा संच दिवसाला सुमारे बारा युनिटे देतो. शाळेच्या, पंचायतीच्या छपरावर तो बसला तर उन्हाचा जो जाच आम्ही भोगतो त्याचे काही उत्पन्न तरी पदरात पडेल. हीच अट ऐपतदार खरेदीदारालाही लावून घेता येईल. ज्याला पर्यावरणासाठी ही गाडी घ्यायची आहे, त्याने तिच्या विजेपुरता सौर संच आधी छपरावर बसवावा. मग त्याच्या म्हणण्याला वजन येईल.

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोली जिल्ह्यात गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या मार्गावर एसटीची बस सुरू झाली. मुख्यमंत्र्यांनी तिचा शुभारंभ केला. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्या गावांनी पहिली एसटी पाहिली. त्याच राज्यात, त्याच काळात, चार सेकंदांत शंभराचा वेग गाठणाऱ्या मोटारी करमाफ होऊन रस्त्यावर येत होत्या. एकीकडे सेकंदाच्या दशांशाची तुलना, दुसरीकडे सहा तपांहून अधिक काळाची प्रतीक्षा! दोन्ही गोष्टी एकाच राज्याच्या जमाखर्चात बसलेल्या आहेत आणि त्यांचा मेळ घालणे हे अर्थसंकल्प मांडणाऱ्यांचे काम आहे.

ज्याला उंची गाडी घ्यायची त्याने ती खुशाल घ्यावी. पैसा त्याचा आहे. मात्र दोन गाड्यांची तुलना करताना दोघींना एकच माप लावावे, आपला रस्ता आणि आपले ऊन त्या तुलनेत घालावे, आणि विजेचा उगम कोठे आहे हे विसरू नये. आपण बाकीच्यांनीही शेजाऱ्याची गाडी केवढ्याला पडली एवढेच विचारून थांबू नये. तिच्या किमतीतला किती भाग सार्वजनिक तिजोरीने सोडून दिला आणि तो कोणाच्या बसच्या तिकिटातून, कोणाच्या वीजबिलातून भरून निघतो, हेही आपल्या लोकप्रतिनिधींना विचारावे. बैल दुसऱ्याच्या गोठ्यात जाणार असला, तरी वैरण जर आपल्या शेतातून जात असेल, तर त्याचे दात मोजण्याचा अधिकार आपल्यालाही आहे.